सक्ती मुलांवर की शाळेवर?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर असलेल्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगा नववीत. शाळेनं यंदा ‘समाजसेवेचे तीस तास’ हा उपक्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी वर्षभरात शाळेबाहेर कुठंतरी तीस तास सेवा करायची आणि तिथलं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणून द्यायचं. यंदा ते ऐच्छिक होतं. पुढच्या वर्षापासून सक्तीचं करावं, असा ठराव येत्या सभेत आहे. पती म्हणतात, “दहावी तोंडावर आलेली, त्यात ही वेठबिगारी कशाला? मार्क मिळणारेत का त्याचे?” सासरे रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. ते म्हणतात, “आम्ही माती वाहिली, शेणघाण काढली, म्हणून माणसांत आलो. सक्ती पाहिजेच.” ताईंना स्वतःला वाटतं की पोरगा मोबाईलमध्ये बुडालाय, स्वतःपलीकडे त्याला काही दिसत नाही, सक्तीनं का होईना सुधारेल. पण नुकतंच त्यांना कळलं की त्यानं एक तासही काम न करता मामाच्या मंडळाच्या लेटरहेडवर तीस तासांचं प्रमाणपत्र आणून शाळेत दिलंय. वर्गात असं करणारा तो एकटा नाही. सभेत हात कुणाच्या बाजूनं वर करायचा आणि त्या प्रमाणपत्राचं काय करायचं, हे त्यांचे दोन प्रश्न.

उत्तर:

ताई, नमस्कार.

ठरावाबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि प्रमाणपत्राची गोष्ट शेवटच्या चार ओळींत उरकलीत. लाज वाटली असेल, ते समजू शकतं. पण सभेत मांडण्यासारखा सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्याकडे तोच आहे. ऐच्छिक असताना ही तऱ्हा, तर सक्तीचं झाल्यावर काय होईल याचा अंदाज बांधायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

तुमच्या मुलाची बाजू घेत नाहीये. पण शाळेनं त्याला नेमकं काय सांगितलं होतं ते जरा बघा. चौदा वर्षांच्या मुलानं गावात स्वतः फिरून संस्था शोधायची, तिथल्या अनोळखी माणसांना पटवायचं, शाळा आणि क्लास सांभाळून उरलेल्या वेळात तिथं जायचं आणि शेवटी सही मागायची. साताऱ्यात संध्याकाळी पाच वाजता एखादं पोर दारात आलं तर त्याला देण्याजोगं काम तयार ठेवून बसलेल्या संस्था कितीशा? वृद्धाश्रमात एका वर्गातली पंचवीस पोरं पोचली तर तिथल्या म्हाताऱ्यांनी विश्रांती कधी घ्यायची? मग मूल ओळखीच्या माणसाकडे जातं. ज्याचा मामा मंडळाचा अध्यक्ष, त्याचा कागद दोन दिवसांत तयार. परळी खोऱ्यातून येणाऱ्या मुलीला पाचची एसटी चुकली तर घरी पोचायला अंधार पडतो. मुलींना मोफत पास आहे, पण त्यासाठी गाडी थांबत नाही. तिला कागद कोण देणार? म्हणजे हे तीस तास मुलाची सेवावृत्ती मोजत नाहीत, त्याच्या घरच्यांच्या ओळखी मोजतात. ठराव याच रूपात मंजूर झाला तर त्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘अपूर्ण’ असा शेरा येईल आणि तुमच्या मुलाच्या पुस्तकात ‘उत्तम’.

जगात हा प्रयोग दोन्ही तऱ्हांनी झालाय, म्हणून जरा बाहेर डोकावून येऊ. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 1999 पासून माध्यमिक शाळा पूर्ण केल्याचा दाखला मिळवायला चाळीस तासांची सेवा लागते. काम मुलानंच शोधायचं, शाळेच्या तासांबाहेर करायचं आणि सही आणायची. तुमच्या शाळेनं जवळपास हाच नमुना उचललाय. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पंच्याहत्तर तास लागतात, म्हणजे ऐकायला जास्त कडक. पण तिथं बऱ्याच जिल्ह्यांत हे तास अभ्यासक्रमातच बसवलेत. विज्ञानाच्या वर्गात ओढ्याच्या पाण्याबद्दल शिकायचं, त्याच ओढ्यावर जाऊन काम करायचं, मग परत वर्गात बसून काय दिसलं त्यावर बोलायचं. तयारी, काम, चर्चा. काम शोधण्याची जबाबदारी बरीचशी शाळेकडे येते आणि कुणाच्या मामाची गरज पडत नाही. सक्ती दोन्हीकडे आहे. पहिल्या ठिकाणी तिचं ओझं मुलाच्या पाठीवर आहे, दुसऱ्या ठिकाणी निम्म्याहून अधिक शाळेनं उचललंय. मला विचाराल तर सगळा वाद इथं मिटतो: सक्ती करायचीच असेल तर आधी शाळेवर करा.

आता तुमच्या यजमानांचा ‘वेठबिगारी’चा मुद्दा. चेष्टेवारी नेण्यासारखा तो नाही. आपल्या राज्यघटनेच्या 23व्या कलमानं वेठबिगारीला बंदी घातली आहे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला दिली आहे, अट एवढीच की ती लावताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करायचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावच्या पालकांनी शाळेच्या साठ तासांच्या सक्तीविरुद्ध हाच मुद्दा घेऊन कोर्ट गाठलं होतं. 1993 मध्ये अपील न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. तेव्हा कायद्याच्या वाटेनं यजमानांना फार पुढं जाता येईलसं वाटत नाही.

पण त्यांच्या मनातली खरी अढी वेगळी असावी, आणि ती रास्त आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा म्हणून आली आहे. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणं, पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी करून माल परत देणं, अशा किरकोळ गुन्ह्यांना. कायदा म्हणून मला ती सुधारणा आवडते. पण शाळेत काय चालतं ते आठवा. उशिरा आलेल्यांना मैदान झाडायला लावतात, गृहपाठ न करणाऱ्यांना वर्गातला कचरा उचलायला. सोमवारी झाडू ही शिक्षा आणि शनिवारी तोच झाडू म्हणजे समाजसेवा, हे मुलांना कोड्यात टाकतं. झाडू मारणं हे हरलेल्याचं काम आहे, एवढंच ती त्यातून शिकतात. तुमच्या शाळेत ही पद्धत असेल तर समाजसेवेच्या ठरावाआधी ती बंद करण्याचा ठराव आणा.

सासऱ्यांशी मात्र मला जरा सविस्तर बोलावंसं वाटतं, कारण त्यांच्या म्हणण्यात साताऱ्याचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहूंच्या नावानं नामकरण झालं. वेगवेगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांचीच देणगी. तिथं कामाची सक्ती होती, यात शंका नाही. पण सासऱ्यांना एक विचारा: वाहिलेल्या त्या मातीचं पुढं काय झालं? ते सांगतील की तिथं भिंत उभी राहिली, मळा पिकला, त्यातलंच ताटात आलं. काम खरं होतं. ते केलं नसतं तर कुणाचं तरी अडलं असतं, आणि कष्टाचं फळ त्याच पोरांना मिळत होतं. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. अशा कामात सही-शिक्का लागत नाही, कारण काम झालं की नाही हे डोळ्यांना दिसतं. सासऱ्यांना आठवते ती सक्ती, पण त्यांना घडवलं ते त्या कामाच्या खरेपणानं. आजच्या ठरावात सक्ती तेवढी शिल्लक आहे.

‘सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे’ असं म्हणणाऱ्यांचीही पत्रं मला येतात. त्यांच्याशी मी अर्धीच सहमत. पाढे, कवायत, प्रार्थना, हजेरी, शाळेतलं सगळंच सक्तीचं असतं आणि त्यातलं बरंच काही पुढं आपलंसं होतं. मात्र अमेरिकेत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेला 1999 चा एक अभ्यास लक्षात ठेवावा असा आहे. आपण आपणहून सेवा करू असं ज्यांना मुळात वाटत नव्हतं, त्यांची पुढं सेवा करायची इच्छा निवड दिल्यापेक्षा सक्ती केल्यावर कमी भरली. ज्यांची मुळातच तयारी होती, त्यांच्यावर सक्तीचा फारसा परिणाम झाला नाही. काम करायचं की नाही हे शाळेनं ठरवावं, पण कुठलं काम हे मुलाला ठरवू द्यावं, एवढं जरी त्यातून घेतलं तरी पुष्कळ आहे.

आता तुमच्या स्वतःच्या आशेबद्दल, आणि इथं मी थोडं टोचून बोलणार आहे. पोराला स्वतःपलीकडे काही दिसत नाही, असं तुम्ही लिहिता. घरी जेवण झाल्यावर त्याचं ताट कोण उचलतं? आजोबांची औषधं कोण आणतं, रात्री त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या कोण ठेवतं? पाणी येतं त्या वेळी उठून भरणारा हात कुणाचा? उत्तर ‘मीच’ असेल, तर शाळेचे तीस तास तुमच्या घरच्या तीनशे पासष्ट दिवसांना पुरे पडणार नाहीत. शाळेनं सेवा शिकवायची आणि घरानं त्याला बसल्या जागी चहा द्यायचा, हे जुळत नाही. यात मुलगी असती तर हा प्रश्न मला विचारावाच लागला नसता, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

त्यावरून त्याच वर्गातल्या इतर मुलांकडे येते. आई ऊसतोडीला गेली म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी. लकवा झालेल्या आजीची कूस बदलणारा मुलगा. भाजीच्या गाड्यावर बापाबरोबर संध्याकाळी उभा राहणारा. शाळेच्या फॉर्मवर यांचे तास शून्य. ऑन्टारिओच्या नियमांतही घरची नेहमीची कामं धरत नाहीत, आणि सुखवस्तू घरांच्या बाबतीत ते ठीकच आहे. स्वतःची खोली आवरणं ही काही समाजसेवा नव्हे. पण आजारी माणसाची शुश्रूषा ही सेवा नसेल तर मग कुठली सेवा? ही मुलं मुळात जे देतायत त्याची दखल न घेता त्यांना आणखी तीस तास मागणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. त्यांना वगळण्याची मुभा वर्गशिक्षकाला असावी, तीही गुपचूप. घरची परिस्थिती लिहून द्या, सगळ्या वर्गासमोर सांगा, असं अजिबात नको.

तर सभेत काय करायचं? ‘बाजूनं’ किंवा ‘विरुद्ध’ एवढ्यावर थांबू नका. दुरुस्ती सुचवा. तास शाळेच्या वेळेत बसवावेत, शनिवारची सकाळची शाळा त्याला सोयीची. काम शाळेनं शोधावं आणि मुलांना चार-पाच कामांतून निवडू द्यावं. प्रत्येक मुलाच्या नावचं प्रमाणपत्र बंद, कारण कागद असला की बाजार भरतो. फोटोही नकोत. वृद्धाश्रमात केळी वाटतानाचा फोटो पोराच्या स्टेटसवर जातो, पण ज्या आजीच्या हातात केळं आहे तिला कुणी विचारलेलं नसतं. शिक्षक विचारतील की हे काम आमच्याच गळ्यात का. निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामं आधीच त्यांच्या डोक्यावर असतात, त्यामुळे त्यांचा त्रागा खोटा नाही. म्हणून पालकांमधून दर शनिवारी दोन जण सोबत यायला तयार आहेत, अशी यादी हातात घेऊनच सभेला जा. रिकाम्या हातानं सुचवलेली दुरुस्ती इतिवृत्तात जाते आणि तिथंच राहते.

वेळ कुठून आणायचा, असं कुणी म्हणालंच तर त्यांना नववी-दहावीचं वेळापत्रक दाखवा. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीचा विषय आधीच आहे, प्रात्यक्षिकांसकट. बहुतेक ठिकाणी ती वही गाईडमधून उतरवली जाते. त्याऐवजी एका पेठेतले गळके सार्वजनिक नळ मोजा, एका नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते ते पाहा, दिवसाला किती पाणी वाया जातं त्याचा हिशेब मांडा आणि तो अर्जासकट नगरपालिकेत नेऊन द्या. कास तलावाच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात याहून सरळ समाजसेवा कुठली? विषयाची श्रेणीही त्यातच मिळून जाईल. यजमान मार्कांचं विचारत होते ना, त्यांना हे सांगा.

कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव तुम्हाला माहीत असेल. 2016 मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, ते पहिलं आलं. त्या श्रमदानाला कुणी कुणावर सक्ती केली नव्हती, आणि तरी उन्हाळ्यात माणसं टिकाव-फावडं घेऊन डोंगराला गेली. बक्षिसाची ईर्षा होतीच. पण गावच्या लोकांना आधी प्रशिक्षण मिळालं होतं, चर कुठं आणि किती खोल खणायचा हे माहीत होतं, आणि किती काम झालं ते मोजलं जात होतं. जुलैत झाडं लावून फोटो काढणाऱ्या शाळांना मी हेच सांगते. रोप लावायला एक दिवस लागतो, जगवायला फेब्रुवारी ते मे. त्या चार महिन्यांची पाणी घालण्याची पाळी लावा आणि पावसाळ्यात किती जगली ते मोजा. तीस तास त्यातच भरतील.

कुठली कामं नकोत, तेही लिहून ठेवा. रस्त्यावरची वाहतूक आवरणं, नदीच्या पाण्यात उतरून कचरा काढणं, डोंगरावरचा वणवा विझवणं, दवाखान्याचा कचरा हाताळणं ही चौदा वर्षांच्या मुलांची कामं नव्हेत. पुराच्या दिवसांत सांगलीकडे मदतीला जाऊ म्हणणारी पोरं असतात. त्यांना वह्या-पुस्तकं गोळा करायला, धान्याच्या पिशव्या भरायला लावा, पाण्याजवळ नेऊ नका. आजी-आजोबांना मोबाईल शिकवणं हे चांगलं काम आहे, पण बँकेचा ओटीपी आणि पेन्शनचं खातं यांना मुलांनी हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

ज्यांची मुलं अकरावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी एक ओळ: राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून याच वाटेनं चालते. नाव नोंदवायचं की नाही हे मुलाच्या मर्जीवर. एकदा नोंदवलं की दोन वर्षांत दोनशे चाळीस तास भरावे लागतात. मोठ्या मुलांना ही रचना मला अधिक शोभते.

राहिलं ते प्रमाणपत्र. सभेच्या आधी ते मिटवा, नाहीतर सभेत तुमच्या तोंडून शब्द फुटणार नाही. मुलाशी बोला, पण यजमान आणि सासऱ्यांच्या दरबारात नको. ‘तू खोटं का बोललास’ इथून सुरुवात केलीत तर तो ‘सगळ्यांनीच केलंय’ म्हणेल, आणि ते खरं असल्यामुळे तुम्ही अडकाल. ‘कुठं कुठं विचारून पाहिलंस?’ असं विचारा. कुठंच विचारलं नसेल तर ते कळेल, दोन ठिकाणी जाऊन नकार ऐकून आला असेल तर तेही कळेल. या दोन तऱ्हांच्या मुलांशी एकाच सुरात बोलता येणार नाही. मग त्यानं स्वतः वर्गशिक्षकांकडे जाऊन कागद परत मागावा आणि तासांच्या रकान्यात शून्य लिहावं. यंदा ऐच्छिक आहे, शून्यानं त्याचं काही बिघडणार नाही. हे पुढच्या वर्षी इतकं सोपं राहणार नाही, हेही त्याला सांगा. इतर मुलांची नावं त्यानं सांगायची नाहीत आणि तुम्हीही विचारायची नाहीत. सभेत तुम्ही बोलाल तेव्हा आपल्या घरातलंच उदाहरण द्यायचं की नाही, हे त्याला विचारून ठरवा. नको म्हणाला तर नाही.

तुमच्या भावाशी मात्र तुम्हीच बोला, पोराच्या पाठीमागे. भाच्यावरच्या मायेपोटी त्यानं सही केली, त्यात त्याला काही वावगं वाटलं नसणार. त्याला म्हणावं, मंडळाचं लेटरहेड ठेव बाजूला, गणपतीत विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य गोळा करायला पोराला सकाळी सहाला तळ्यावर घेऊन जा आणि दुपारपर्यंत सोडू नकोस.

समजा तुमची दुरुस्ती पडली आणि ठराव आहे तसाच मंजूर झाला, तर कामांची यादी करायची जबाबदारी मागून घ्या. ती सहसा कुणालाच नको असते. यादीत पहिलं काम लेखनिकाचं घाला. अंध किंवा हातानं लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थ्याला खालच्या इयत्तेतला लेखनिक लागतो, म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्यासाठी नववीचं मूल चालतं. तीन तास दुसऱ्याचं उत्तर, आपली अक्कल न घालता, त्याच्याच शब्दांत उतरवायचं. त्या मुलांना लेखनिक मिळवताना नाकीनऊ येतात, आणि तुमच्या शाळेत नववीच्या तुकड्या भरलेल्या आहेत. फक्त परीक्षा मंडळाची परवानगी आधी लागते आणि दोघांना एकमेकांच्या बोलण्या-लिहिण्याची सवय व्हायला थोडे दिवस जातात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच आसपासच्या शाळांमध्ये चौकशी करा. फेब्रुवारीत निघालात तर उशीर झालेला असेल.